सणाची साखर नेमकी कुठे कापायची?

गौरीजेवणाच्या दिवशी घरातल्या एखाद्या माणसाच्या पोटात किती साखर जाते, याचा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहा. सकाळी स्वयंपाकाच्या गडबडीत दोन कप चहा, गुरुजी आले की त्यांच्याबरोबर तिसरा. शेजारच्या काकूंनी हातावर ठेवलेला पेढा. जेवणात दोन पुरणपोळ्या. दुपारी पाहुणे आले म्हणून सगळ्यांबरोबर ग्लासभर कोल्ड्रिंक, पाच वाजता चौथा चहा आणि संध्याकाळी चार घरच्या आरत्या, म्हणजे बर्फीचे चार तुकडे. दोन पोळ्यांत मिळून साधारण ४० ग्रॅम गूळ असतो. दोन-दोन चमच्यांचे चार चहा धरले, तर तेवढीच साखर चहातून गेली. पाव लिटर कोल्ड्रिंकमध्ये २६-२७ ग्रॅम. पेढा आणि बर्फी मिळून अंदाजे तीसेक. म्हणजे ज्या पदार्थासाठी घर पहाटेपासून राबलं, त्याचे ४० ग्रॅम, आणि कुणाच्या लक्षातही न राहिलेल्या गोष्टींचे शंभराच्या आसपास.

आणि पथ्य करणारी माणसं काय करतात? पुरणपोळीला हात लावत नाहीत, चहा मात्र नेहमीसारखाच पितात. ताटावर बसून सगळ्यांदेखत नको म्हणणं दिसतं, म्हणून तेच पथ्य वाटतं. माझं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. सणाचा जो मुख्य गोड पदार्थ आहे, तो ताटात राहू द्या. कात्री लावायची ती त्याच्या भोवतीच्या साखरेला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेला सल्ला असा, की दिवसभराच्या एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला हे ५० ग्रॅम होतात. शक्य असेल तर पाच टक्के, म्हणजे २५ ग्रॅम, चहाच्या चमच्याने पाच-सहा चमचे. फळात किंवा दुधात मुळातच असलेली साखर यात धरत नाहीत. मध, सरबतं आणि फळांचे रस मात्र धरतात. सणाच्या एका दिवशी हा आकडा ओलांडला म्हणून आभाळ कोसळत नाही. पण आपल्याकडे श्रावणापासून तुळशीच्या लग्नापर्यंत सण एकाला लागून एक येतात, आणि त्या काळात ‘आजचा दिवस’ रोजच उजाडतो. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात, की भारतात मधुमेह असलेली माणसं १० कोटींच्या वर आहेत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली १३ कोटींहून जास्त. प्रत्येक पंगतीत अशी दोन-चार माणसं बसलेली असणारच. त्यातल्या काहींना ते ठाऊकही नसेल.

सुरुवात चहापासून करा, आणि सणाच्या आधीच करा. जिभेची गोडाची पातळी सवयीने ठरते. साखर हळूहळू कमी करत नेली, तर काही आठवड्यांत आधीचा चहा पाकासारखा लागायला लागतो. गणपतीला महिना असताना दोन चमच्यांचा दीड करा, मग एक. एकदम बंद करणाऱ्यांपैकी बरेच जण आठवडाभरात पुन्हा दोनवर येतात. याचा दुसरा फायदा सणाच्या दिवशी कळतो: कमी गोडाची सवय झालेल्या जिभेला एक मोदकही भरपूर गोड लागतो, आणि तिसऱ्याकडे हात आपसूक जात नाही.

पाहुण्यांच्या चहाचं काय? ‘साखर किती?’ हा प्रश्न आता कुणाला उद्धटपणाचा वाटत नाही. चहा बिनसाखरेचा करून साखरेची वाटी आणि चमचा ट्रेमध्ये ठेवला, तर ज्याला हवी तो घालून घेतो. बहुतेक जण तुम्ही घातली असती त्यापेक्षा कमीच घालतात. कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्या सणाच्या यादीतूनच काढून टाका. त्या कुठल्याच सणाच्या नाहीत, कुठल्या देवाचा नैवेद्य नाहीत. त्यांच्या जागी ताक, पातळ सोलकढी किंवा जिरं-मीठ घातलेलं लिंबाचं पाणी ठेवलं तर जड जेवणानंतर लोक तेच मागून घेतात. चैत्राच्या हळदीकुंकवाचं कैरीचं पन्हं घरोघरी गराच्या दुप्पट गूळ घालून होतं. ते गराइतक्याच गुळातही चांगलं होतं. फक्त मीठ विसरू नका आणि वेलचीत कंजुषी करू नका.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. पदार्थातली साखर दोन प्रकारची असते. काही पदार्थांत ती फक्त गोडीसाठी असते, काहींत ती पदार्थ उभा धरते. हा फरक ओळखला नाही तर ‘या वर्षी साखर कमी घातली’ म्हणत आपण फुटके लाडू आणि दगडासारख्या शंकरपाळ्या करून ठेवतो, आणि पुढच्या वर्षी घर एकमताने जुन्या प्रमाणावर येतं.

अनारशांत गूळ हात लावण्यासारखा नाही. भिजवलेल्या तांदळाच्या पिठीत मुरलेला गूळच तळताना जाळी धरतो. पाकातला रवा लाडू, नारळाची वडी, जिलबी, चिक्की यांचंही तेच. पाक एकतारी व्हायला हवा तर त्याला साखर लागणारच, आणि वडी थापल्यावर घट्ट होते ती साखरेमुळे. शंकरपाळीत साखर खुसखुशीतपणा आणि रंग दोन्ही देते. थोडी कमी चालते, फार कमी केली की दात बघून घेतात. अशा पदार्थांचं प्रमाण बदलायच्या फंदात पडू नका. ते कमी करा, छोटे करा, किंवा त्यांच्यातला एकच निवडा. शंकरपाळ्या निम्म्या खाऱ्या करता येतात, ओवा-मिरीच्या. पहिल्यांदा त्याच संपतात.

याउलट बेसनाचे लाडू. ते वळले जातात तुपावर, साखरेवर नाही. त्यामुळे तिथे कात्री निर्धास्त चालते. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप आणि अर्धा किलो पिठीसाखर असं अनेक घरांतलं प्रमाण असतं. त्यात ४० ग्रॅमचे साधारण ३० लाडू होतात, म्हणजे एका लाडवात साडेसोळा ग्रॅम साखर, तीन चमच्यांहून जास्त. आता साखर ३०० ग्रॅम करा आणि लाडू २५ ग्रॅमचा वळा, मोठ्या सुपारीएवढा. तेवढ्याच बेसनात ४० हून जास्त लाडू होतात आणि प्रत्येकात सात ग्रॅम साखर येते. डबा पूर्वीपेक्षा भरलेला दिसतो, कुणाला काही सांगावंही लागत नाही. एकच अट आहे: बेसन खमंग भाजलं गेलं पाहिजे. मंद आचेवर, रंग बदलून तूप सुटेपर्यंत, हात दुखेपर्यंत. कच्चट भाजलेल्या बेसनाची उणीव झाकायला जास्त साखर लागते. नीट भाजलेल्याला स्वतःचीच एक गोडी असते. साखर पीठ कोमट झाल्यावर थोडी-थोडी घाला आणि मधे चाखून बघा.

करंजीच्या सारणातही साखर फक्त गोडीला असते. सुकं खोबरं, खसखस आणि तीळ छान भाजून घेतले आणि चारोळी-वेलची सढळ हाताने घातली, तर तिसरा हिस्सा साखर कमी केलेली कळत नाही. संक्रांतीच्या तिळगुळाचे दोन प्रकार असतात. पाकातल्या कडक लाडवांत गूळ हाच डिंक असतो, तिथे काही करता येत नाही. पण भाजलेले तीळ, दाण्याचं कूट आणि गूळ एकत्र फिरवून घेतलं की तिळाचं तेल सुटतं आणि लाडू त्या तेलावर वळतात. या मऊ लाडवांत गूळ बराच कमी करता येतो. आजी-आजोबांच्या दातांनाही ते सोयीचे.

श्रीखंडाचा किस्सा वेगळाच आहे. किलोला किलो, असं प्रमाण लग्नाच्या आचाऱ्यापासून घरापर्यंत सगळे सांगतात. म्हणजे १०० ग्रॅमच्या वाटीत ५० ग्रॅम साखर, दहा चमचे. एवढी का लागते? कारण चक्का आंबट असतो. रात्रभर ओट्यावर टांगून ठेवलेला चक्का सकाळपर्यंत आणखी आंबतो आणि तेवढी साखर ओढतो. ताजं, अजिबात न आंबलेलं दही लावा, आणि ते कपड्यात बांधून चाळणीवर ठेवून फ्रिजमध्ये निथळू द्या. असा चक्का मुळातच गोडसर असतो. त्याला किलोला ६०० ग्रॅम साखर पुरते, आणि केशर-जायफळ असेल तर त्याहूनही कमी. आम्रखंडात हापूसचा रस गोडीचं अर्धं काम करतो. शिवाय थंडगार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. त्यामुळे श्रीखंड वाढायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी फ्रिजबाहेर काढून ठेवा. बासुंदी आणि कोजागिरीचं मसाला दूध याच कारणाने गरम किंवा कोमटच द्यावं. दूध आटलं की दुधातलीच साखर दाट होते. लिटरभर दुधाला तीन-चार चमचे साखर बास होते. बासुंदीत साखर घालायची ती दूध पूर्ण आटल्यावर, चाखून. आधी घातली की अंदाज हमखास चुकतो.

पुरणाला डाळीच्या बरोबरीने गूळ घालायची पद्धत आहे. तो पाऊणपट केला तरी पुरण बिघडत नाही. गूळ वितळूनच पुरण सैल होतं, त्यामुळे कमी गुळाचं पुरण लवकर घट्ट होतं आणि नवशिक्यांना पोळी लाटायला उलट सोपं जातं. सुंठ आणि जायफळ मात्र हवंच. मोदकाबद्दल मला फारसं बोलायचं नाही, कारण गोडांमध्ये तो तसा सज्जन पदार्थ आहे. एका नारळाच्या चवाला दीडशे ग्रॅम गूळ घेतला, तर १२ ते १५ मोदक होतात, म्हणजे मोदकाला दहा-बारा ग्रॅम गूळ. बाकी खोबरं आणि तांदळाची उकड. दोन मोदक, वर तूप, आणि चित्त शांत. अडचण मोदकाची नसते, कोण किती खातो याच्या पैजांची असते. त्या पैजा बंद केल्या तर कुणाचंच नुकसान नाही.

प्रमाण कमी करताना एक ध्यानात ठेवा. साखर पदार्थ टिकवतेही. ओलं खोबरं किंवा दूध असलेला पदार्थ कमी साखरेत लवकर खराब होतो. तो थोडाच करा, फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. बेसन लाडवासारख्या कोरड्या पदार्थाला ही भीती नाही. सत्यनारायणाच्या सव्वाच्या प्रसादाला तर मी हात लावायला सांगणारच नाही. तिथे प्रमाण श्रद्धेचं आहे. प्रसाद चमचाभर असतो, तो चमचाभरच घ्यावा. वाटीभर शिरा मागून घेण्याची सवय ही आपली भर.

आता गुळाविषयी. ‘साखर सोडली, गूळ घेते’ हे वाक्य प्रत्येक हळदीकुंकवात एकदा तरी ऐकू येतं. गूळ चवीला सुंदर आहे, कोल्हापूरच्या गुळाला तर भौगोलिक मानांकन आहे. त्यात थोडं लोह आणि इतर खनिजं असतात हेही खरं. पण दहा ग्रॅम गुळात साडेआठ-नऊ ग्रॅम साखरच असते, आणि ती रक्तात साखरेसारखीच चढते. काकवी, मध, खडीसाखर यांचंही फार वेगळं नाही. मधुमेही माणसासाठी गूळ हा पर्याय नाही. गूळ वापरायचाच तर चवीसाठी वापरा, आणि साखरेइतकाच मोजून. खजूर-अंजिराच्या ‘नो ॲडेड शुगर’ बर्फ्या दुकानात ऐटीत मांडलेल्या असतात. त्यांच्यात तंतू आहेत, सुकामेवा आहे. पण खजुराच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग साखरच असते. एक तुकडा छान, चार तुकडे म्हणजे पुन्हा तिथेच.

शुगर-फ्री मिठाईचं गणित आणखी फसवं आहे. साखर नसली तरी तूप, खवा, मैदा आणि त्यांचे उष्मांक जसेच्या तसे असतात. काहींत वापरलेल्या माल्टिटॉलसारख्या घटकांनी जास्त खाल्ल्यावर पोट बिघडतं. शिवाय ‘यात साखर नाही’ म्हणून माणूस दुप्पट खातो. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडी वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. हा सल्ला मधुमेह नसलेल्यांसाठी आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी अशा गोळ्या-थेंबांबद्दल आपल्या डॉक्टरांनाच विचारावं.

ताट वाढण्याची आपली जुनी रीत या कामात फार उपयोगी पडते. डाव्या बाजूला कोशिंबीर, चटणी, लिंबू, उजवीकडे भाज्या, उसळ, अळूचं फदफदं, मधे वरण-भात. जेवताना आधी कोशिंबीर, भाजी, उसळ खाल्ली आणि भात-पोळी-गोड मागाहून, तर जेवणानंतर रक्तातली साखर तुलनेने कमी चढते, असं अभ्यासांत दिसलं आहे. पण होतं काय, नैवेद्य दाखवला की पहिला घास पुरणाचा, आणि कोशिंबीर शेवटी तशीच उरते. पहिला घास देवाच्या नावाने गोड घ्या, मग डावीकडून सुरुवात करा. कोशिंबीर दोनदा वाढून घ्या. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. शतपावली हा शब्द आपल्याकडे आहेच, सणाच्या दिवशी ती फक्त वामकुक्षीच्या आधी घाला. भांडी विसळणं आणि पंगत आवरणंही चालण्यातच धरायला हरकत नाही. पुरुषमंडळींनी यात पुढाकार घेतला तर त्यांच्या साखरेबरोबर घरातलं वातावरणही सुधारतं.

एरवी सणाच्या ताटात गोडाशिवाय किती काही असतं, हे आपण विसरत चाललो आहोत. पुरणपोळीबरोबरची कटाची आमटी, ऋषिपंचमीची भाजी, विसर्जनाची वाटली डाळ, दहीहंडीचा गोपाळकाला, चैत्रातली आंब्याची डाळ, चंपाषष्ठीचं भरीत-रोडगा, भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. हे सगळं सणाचंच आहे, वर्षातून एकदाच होतं, आणि मिठाईच्या दुकानात मिळत नाही. गोव्यात दिवाळीच्या पहाटे गोड फोवांबरोबर (फोव म्हणजे पोहे) तिखट फोव, ताकातले फोव असे कितीतरी प्रकार करतात. सणाचा मेनू ठरवताना दोन गोड पदार्थांऐवजी एक गोड आणि असा एक तिखटामिठाचा पदार्थ ठरवा. पुरण असेल त्या दिवशी खीर कशाला? श्रीखंड असेल तर जिलबी कशाला? एका ताटात तीन गोडं मांडणं ही पूर्वी यजमानाची ऐपत दाखवायची रीत होती. ऐपत दाखवायला आता इतर बरेच मार्ग आहेत.

आग्रहाचा प्रश्न अवघड आहे, कारण तो प्रेमाचा आहे. ‘अहो, एकाने काय होतंय?’ याला उत्तर द्यायला गेलात की वाद सुरू होतो आणि वाद हरला की लाडू खावा लागतो. वाढायच्या आधीच बोला. ‘वहिनी, मला अर्धीच पोळी वाढा, तूप मात्र हवं.’ अर्धी मागणाऱ्याने नाही म्हटलं, असं कुणी समजत नाही. ताटात जागा रिकामी दिसली की वाढणारा थांबत नाही, म्हणून वाटीत श्रीखंडाचे दोन चमचे ठेवून हळूहळू खा. पथ्याची कहाणी पंगतीत सांगू नका. एकाने सांगितली की बाकीच्यांचे आकडे ऐकत जेवण संपतं. यजमानांना एवढंच सांगणं: गोडाचा आग्रह एकदाच करा, आणि दुसऱ्यांदा करायचा तर कटाच्या आमटीचा करा. वाटी लहान वापरा. मोठ्या वाटीच्या तळाशी घातलेलं श्रीखंड कंजूष दिसतं, तेवढंच लहान वाटीत भरून दिसतं.

मुलांच्या बाबतीत किती यापेक्षा किती वेळा हे महत्त्वाचं. दात किडतात ते वारंवार तोंडात साखर घोळल्याने. दिवसभरात दर तासाला एक चॉकलेट यापेक्षा जेवणाबरोबर एकदाच गोड आणि मग खळखळून चूळ, हे दातांना फार बरं. चिकट पदार्थांनंतर, विशेषतः तिळगुळानंतर, चूळ भरायला लावाच. बोरन्हाणात बोरं, कुरमुरे, हरभरे, उसाचे करवे आणि थोडा हलवा असतो. त्यात अलीकडे चॉकलेटं आणि गोळ्यांची पाकिटं ओतली जातात. ती काढून टाकली तर मुलांचं काही अडत नाही. त्यांना मजा वरून पडणाऱ्या गोष्टी लुटण्यात असते. आणि अभ्यास केला तर पेढा, जेवलास तर लाडू, ही लाच बंद करा. गोड बक्षीस झालं की ते आयुष्यभर बक्षीसच राहतं.

मिठाईच्या बॉक्सचा उपद्रव दिवाळीत सगळ्यात मोठा. तुम्ही देता त्यात बदल करणं तुमच्या हातात आहे. घरचं मेतकूट, जवसाची किंवा कारळ्याची चटणी, चकलीची भाजणी, खारे दाणे, अक्रोड-बदाम, यांच्या पुड्या लोकांना मनापासून आवडतात. आलेला बॉक्स त्याच दिवशी उघडा, प्रत्येकाला एक तुकडा द्या आणि उरलेला कार्यालयात किंवा सोसायटीच्या कार्यक्रमात मोकळा करा. चार दिवस फ्रिजमध्ये ठेवून, बुरशीच्या भीतीने शेवटी कामाच्या मावशींच्या हातात देऊ नका. हे दान नव्हे. त्यांनाही मधुमेह असतो. द्यायचं तर ताजं द्या, किंवा त्या किमतीचे पैसे द्या.

ज्यांना मधुमेहाची औषधं चालू आहेत, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. संध्याकाळी गोड खायचं म्हणून दुपारचं जेवण टाळू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेऊन उपाशी राहिलं, की साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. नवरात्रात किंवा एकादशीला उपवास करायचा असेल, तर औषधांचं वेळापत्रक आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या. ‘आज दोन मोदक जास्त झाले, गोळी एक जास्त घेतो’ हा स्वतःचा प्रयोग कधीही करू नका. अंगाला दरदरून घाम, हात थरथरणं, धडधड, एकदम भूक लागणं अशी लक्षणं दिसली, तर साखर तपासा. तपासणं शक्य नसेल तर वेळ न घालवता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, साखर अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्या. अशा वेळी पेढा किंवा लाडू कामाचा नाही, कारण तूप-खव्याबरोबरची साखर रक्तात उशिरा पोचते. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त तपासून घाबरून जाण्यात अर्थ नाही, आणि एकच आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त होण्यातही नाही. एचबीए१सी ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तुळशीचं लग्न झालं की त्या आठवड्यात ती करून घ्या. गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा सगळा काळ तिच्यात दिसतो, आणि आकडा वर गेला असेल तर संक्रांतीच्या आधी तो खाली आणायला साधारण दोन महिने हाताशी असतात.